पिस्तूल व रिव्हॉल्व्हर : सांगाडा आणि बोअर यांची निवड

पिस्तूल व रिव्हॉल्व्हर : एका हातात धरून झाडता येणारी आखूड नळीची अग्निशस्त्रे. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या नळकांड्यातील कप्प्यांत असतात. हे कप्पे बहुधा पाच किंवा सहा असून प्रत्येक वेळी चाप ओढताना किंवा घोडा चढविताना पुढचा कप्पा नळीच्या रेषेत येतो. स्वयंभरण पिस्तुलात काडतुसे मुठीतील पेटीत एकावर एक रचलेली असतात आणि गोळी सुटताच रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाऊन पुढील काडतूस आपोआप नळीच्या मागील कक्षात शिरते. दोन्ही प्रकारांत नळी, चाप, घोडा आणि मूठ या भागांना एकत्र धरून ठेवणाऱ्या मुख्य भागास सांगाडा म्हणतात. नळीच्या अंतर्व्यासास कॅलिबर आणि परवान्याच्या व्यवहारात बोअर असे म्हणतात.

ही शस्त्रे निवडताना सांगाडा कोणत्या धातूचा आणि बोअर कोणते, हे दोन प्रश्न प्रामुख्याने उपस्थित होतात. यांपैकी पहिला प्रश्न यंत्रशास्त्राचा व वापरणाऱ्याच्या सोयीचा आहे. दुसरा मात्र भारतात मुख्यत्वे कायदा व काडतुसांचा पुरवठा यांवर अवलंबून असतो. सोलापूरसारख्या जिल्ह्यातील परवानाधारकाच्या दृष्टीने या दोन्हींचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

सांगाड्याचे द्रव्य : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पिस्तुलांचे व रिव्हॉल्व्हरांचे सांगाडे जवळजवळ सर्वत्र पोलादाचे असत. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा वापर सुरू झाला. अमेरिकेतील कोल्ट कंपनीचे ‘कमांडर’ हे पिस्तूल (१९५० च्या सुमारास) त्याचे एक प्रारंभीचे उदाहरण होय. ऑस्ट्रियातील ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलानंतर (१९८२) बहुवारिकाचे, म्हणजे प्लॅस्टिकवर्गीय द्रव्याचे, सांगाडे सर्वत्र रूढ झाले. पोलादाची घनता दर घन सेंमी.ला सु. ७·८५ ग्रॅ., टिटॅनियमच्या मिश्रधातूंची सु. ४·४ ग्रॅ., तर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची सु. २·८ ग्रॅ. असते. मात्र शस्त्राच्या एकूण वजनातील फरक याच प्रमाणात पडत नाही. कारण सांगाडा कशाचाही असला, तरी नळी आणि स्वयंभरण पिस्तुलाचा वरचा सरकता भाग सामान्यतः पोलादाचेच असतात.

पोलादी सांगाड्याचा पहिला गुण टिकाऊपणा हा होय. वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे धातूत शिणवटा निर्माण होऊन सूक्ष्म तडे जातात. ठरावीक मर्यादेच्या आतील ताण पोलाद जवळजवळ अमर्याद वेळा सहन करू शकते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी निश्चित मर्यादा नसते. त्यामुळे ज्या शस्त्रातून दीर्घकाळ सराव करावयाचा आहे, त्यास पोलादी सांगाडा इष्ट ठरतो. खीळ, स्क्रू व कड्या बसविण्याच्या जागाही पोलादात कमी झिजतात आणि झिजल्यास दुरुस्त करणे सोपे जाते. वजन व गंज हे पोलादाचे प्रमुख दोष होत. सतत जवळ बाळगावयाच्या शस्त्रात दोनशे-तीनशे ग्रॅम वजनही जाणवते.

वजन आणि प्रतिक्षेप : गोळी पुढे जाताना शस्त्राला जो मागे धक्का बसतो त्यास प्रतिक्षेप म्हणतात. गोळीचे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार जेवढा, जवळजवळ तेवढाच संवेग शस्त्रास विरुद्ध दिशेने मिळतो. हा संवेग तोच राहिला, तर धक्क्याची ऊर्जा शस्त्राच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. उदा., ०·३२ रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातील सु. ६·३५ ग्रॅम वजनाची गोळी दर सेकंदास सु. २१५ मी. वेगाने जाते. ५०० ग्रॅमच्या शस्त्रात या गोळीमुळे निर्माण होणाऱ्या धक्क्याची ऊर्जा सु. १·९ जूल, ७०० ग्रॅमच्या शस्त्रात सु. १·३ जूल आणि एक किलोग्रॅमच्या शस्त्रात सु. ०·९ जूल भरते. याउलट ०·४५ पिस्तुलाची सु. १५ ग्रॅम वजनाची गोळी दर सेकंदास सु. २६० मी. वेगाने सुटते, तेव्हा १·१ किग्रॅ. वजनाच्या पोलादी पिस्तुलातही धक्क्याची ऊर्जा सात जुलांच्या जवळपास जाते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. सौम्य काडतुसाच्या बाबतीत जड सांगाड्याने होणारा लाभ थोडा असला, तरी नवशिक्याच्या हाताला तो जाणवतो. कारण धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना हात हलणे, हे नेम चुकण्याचे एक मुख्य कारण असते. जोरदार काडतुसाच्या बाबतीत मात्र सांगाड्याचे वजन ही केवळ सोय राहत नाही. अशा काडतुसासाठी बनविलेले फार हलके शस्त्र सरावासाठी त्रासदायक ठरते आणि ज्या शस्त्राचा सराव होत नाही, ते प्रसंगी उपयोगी पडण्याची शक्यता कमी असते.

बोअरचे नाव व माप : बोअरचे नाव म्हणजे त्याचे अचूक माप नव्हे. ०·३२ इंच म्हणजे ८·१ मिमी. होतात, परंतु ०·३२ काडतुसातील गोळीचा व्यास सु. ७·९ मिमी. असतो आणि युरोपात याच गटातील पिस्तुलाच्या काडतुसास ७·६५ मिमी. असे नाव आहे. हे दुसरे माप नळीतील सर्पिल खाचांच्या उंचवट्यांमधील अंतराचे आहे.

शिवाय, एकाच अंकाच्या नावाखाली परस्परांच्या जागी न चालणारी काडतुसे असतात. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीचे आखूड ०·३२ काडतूस १८७८ मधील, तर त्याच कंपनीचे लांब ०·३२ काडतूस १८९६ मधील आहे. लांब काडतुसाच्या पुंगळीची लांबी सु. २३ मिमी. असते व भारतातील ०·३२ रिव्हॉल्व्हर याच काडतुसासाठी बनविलेली असतात. जॉन ब्राउनिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वयंभरण पिस्तुलासाठी योजिलेल्या ७·६५ मिमी. काडतुसाची पुंगळी सु. १७ मिमी. लांब असते. पिस्तुलाचे हे काडतूस काही रिव्हॉल्व्हरांच्या कप्प्यात शिरते. परंतु त्याचा दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा अधिक असल्याने ते तेथे वापरणे धोक्याचे आहे. म्हणून ‘बत्तीस बोअर’ एवढ्याच वर्णनावर काडतूस न घेता, ते पिस्तुलाचे की रिव्हॉल्व्हरचे, हे शस्त्रावरील व खोक्यावरील मजकुराशी ताडून पाहणे आवश्यक असते.

शस्त्रकायद्याची पार्श्वभूमी : ब्रिटिश अमदानीत १८७८ च्या शस्त्रकायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती करण्यात आली आणि युरोपीयांना तीतून सूट देण्यात आली. त्यामुळे क्रांतिकारकांना पिस्तुले गुप्त मार्गाने मिळवावी लागत आणि बोअरची निवड करण्यास फारसा वाव नसे. नासिक येथे २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यासाठी वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून चोरून पाठविण्यात आलेल्या पिस्तुलांपैकी होते. चंद्रशेखर आझाद यांचे ०·३२ बोअरचे कोल्ट पिस्तूल प्रयागराज येथील संग्रहालयात जतन केलेले आहे.

सोलापूरचा या इतिहासाशी संबंध १९३० च्या लष्करी कायद्यामुळे येतो. त्या वर्षी मे महिन्यात महात्मा गांधींच्या अटकेनंतर सोलापुरात उठाव झाला व शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. या दडपशाहीचा सूड म्हणून वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. ती छातीवरील खिशातील धातूच्या वस्तूवर अडल्याने हॉटसन बचावले. हातात धरावयाच्या शस्त्रांच्या गोळीची शक्ती किती मर्यादित असते आणि अंतर अगदी थोडे असले, तरी परिणामाची शाश्वती कशी नसते, याचे हे उदाहरण होय.

स्वातंत्र्यानंतर १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली व तो १९६२ मध्ये अंमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांच्या जागी २०१६ मध्ये नवे नियम आले. या अधिनियमानुसार अग्निशस्त्रे निषिद्ध व अनिषिद्ध अशा दोन गटांत मोडतात. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरांपैकी ९ मिमी., ०·३८ आणि ०·४५५ ही बोअर निषिद्ध आहेत. यामागील कारण गोळीच्या शक्तीपेक्षा वेगळे आहे. ०·४५५ व ०·३८ ही ब्रिटिश लष्कराच्या रिव्हॉल्व्हरांची आणि ९ मिमी. हे आजच्या सैन्याच्या व पोलिसांच्या पिस्तुलांचे बोअर आहे. खाजगी शस्त्रे याच बोअरची असली, तर शासकीय दारूगोळा बाहेर झिरपण्याचा मार्ग खुला होतो. परवान्याशिवाय निषिद्ध शस्त्र बाळगणे हा अतिशय गंभीर गुन्हा असून २०१९ च्या सुधारणेनंतर त्यास सात ते चौदा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्याच सुधारणेने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. शस्त्रांची संख्या दोनच असल्याने चुकीच्या निवडीची किंमत वाढली आहे.

०·३२ बोअरचे भारतातील स्थान : निषिद्ध बोअर वगळल्यानंतर सर्वसाधारण नागरिकास मुख्यत्वे ०·३२ आणि ०·२२ हीच बोअर सुलभतेने उपलब्ध राहतात. १९८० नंतरच्या दशकात व्यक्तींना परदेशी पिस्तुले आयात करण्यावर बंदी आल्यापासून ही स्थिती अधिकच दृढ झाली. पाश्चात्त्य देशांत ०·३२ लांब काडतूस आता क्वचितच आढळते. तेथे ते मुख्यतः २५ मी. अंतरावरील सेंटर फायर पिस्तूल या नेमबाजीच्या प्रकारात वापरले जाते. या प्रकारात भारताच्या जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा व २००६ च्या दोहा आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदके मिळविली. तात्पर्य, जगात अपरिचित होत चाललेले एक बोअर भारतात कायद्यामुळे सर्वांत परिचित झाले आहे.

भारतीय आयुधनिर्माणींचे जुने ०·३२ रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या धर्तीचे व पोलादी सांगाड्याचे असून त्याची नळी बिजागरीवर खाली झुकवून काडतुसे भरावी लागतात. कानपूर येथे बनलेल्या ‘निर्भीक’ या रिव्हॉल्व्हरमध्ये (२०१४) टिटॅनियमचा मिश्रधातू वापरून वजन सु. ५०० ग्रॅमवर आणण्यात आले. कानपूरच्याच ‘प्रबल’ या रिव्हॉल्व्हरचे (२०२३) वजन सु. ७०० ग्रॅ. व नळीची लांबी ७६ मिमी. असून त्याचे नळकांडे बाजूला उघडते. ७·६५ मिमी. काडतुसाचे ‘अशनी’ हे पिस्तूलही शासकीय कारखान्यांत बनते. या वर्गातील पिस्तुलात गोळी सुटेपर्यंत सरकता भाग स्वतःच्या वजनाने व स्प्रिंगच्या दाबानेच जागी राहतो, म्हणून तो पुरेसा जड असावा लागतो.

काडतुसांच्या पुरवठ्याच्या दृष्टीने महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला असून ०·३२ रिव्हॉल्व्हरची काडतुसे तेथे बनतात. आयुधनिर्माणी मंडळाच्या विसर्जनानंतर, १ ऑक्टोबर २०२१ पासून, हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आहे.

शक्तीची तुलना : ०·३२ लांब काडतुसाच्या गोळीची नळीच्या मुखाशी ऊर्जा सु. १४५ जूल, ७·६५ मिमी. पिस्तुलाच्या गोळीची सु. १७० जूल, तर ९ मिमी. व ०·४५ या गोळ्यांची सु. ४८० ते ५०० जूल असते. या आकड्यांवरून ०·३२ हे दुर्बळ बोअर ठरते, हे खरे. तथापि जवळच्या अंतरावर गोळी कोठे लागते, यास अधिक महत्त्व असते आणि सौम्य धक्क्यामुळे ०·३२ बोअरने नेम साधणे सोपे जाते. सरावाच्या दृष्टीने ०·२२ बोअर याहूनही सौम्य व स्वस्त पडते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविलेला २५ मी. पिस्तूल हा प्रकार ०·२२ बोअरचाच आहे.

अपरिचित बोअरचा प्रश्न : भारतात अपरिचित बोअरचे शस्त्र बहुधा वारशाने येते. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरील इंग्रजी, जर्मन किंवा बेल्जियन बनावटीचे ६·३५ मिमी. किंवा ७·६३ मिमी. पिस्तूल हे त्याचे नमुने होत. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, तसेच त्याच्या वयाची सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिल्यावर, ते कायदेशीर वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. त्या वेळी भावनिक मूल्याखेरीज पुढील बाबींचा विचार करावा लागतो : (१) बोअर अनिषिद्ध गटातील आहे किंवा कसे, (२) त्याची काडतुसे देशात बनतात की जुन्या आयात साठ्यावरच अवलंबून राहावे लागते, (३) सुटे भाग, विशेषतः स्प्रिंगा व काडतूसपेटी, मिळतात किंवा कसे, (४) दोन शस्त्रांच्या मर्यादेतील एक जागा त्यासाठी खर्ची घालणे योग्य आहे का.

काडतुसे मिळत नसतील, तर उत्तम पोलादी पिस्तूलही केवळ संग्रहाची वस्तू ठरते. महाग व दुर्मिळ काडतुसे जपून ठेवण्याकडे कल असतो व सराव थांबतो. कित्येक दशके जुनी काडतुसे वेळेवर न पेटण्याचाही धोका असतो. काडतुसे मिळत नाहीत म्हणून दुसऱ्या मापाच्या पुंगळ्या कापून-घासून वापरणे किंवा नळी बदलून बोअर पालटणे हे दुहेरी संकट आहे. मापात न बसणाऱ्या काडतुसाने नळी किंवा कप्पा फुटू शकतो. तसेच परवान्याशिवाय काडतुसे बनविणे आणि शस्त्रात असे फेरफार करणे हे अधिनियमानुसार गुन्हे आहेत. याउलट ०·३२ बोअरमध्ये काडतूस कारखान्यातून नवे मिळते व शस्त्राची दुरुस्तीही तुलनेने सोपी असते.

सोलापूर जिल्ह्यातील व्यवहार : सोलापूर शहरास स्वतंत्र पोलीस आयुक्तालय असल्याने शहरातील रहिवाशांच्या परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आणि उर्वरित जिल्ह्यात तो जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. अर्जदाराचे वय किमान एकवीस वर्षे असावे लागते व पोलिसांच्या चौकशी अहवालानंतर निर्णय होतो. एका वेळी जवळ किती काडतुसे बाळगावयाची व वर्षभरात किती खरेदी करावयाची, हे परवान्यावर लिहिलेले असते. सरावाचा बेत या आकड्यांच्या मर्यादेतच आखावा लागतो.

परवान्याचे क्षेत्र ही बाब या जिल्ह्यात विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. अक्कलकोट व मंगळवेढा हे तालुके कर्नाटकाच्या सीमेला लागून आहेत आणि विजयपूर व कलबुर्गी जिल्ह्यांशी त्यांची रोजची ये-जा आहे. परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर शस्त्र घेऊन ही सीमा ओलांडणे बेकायदेशीर ठरते.

देखभाल : सोलापुरात उन्हाळ्यात तापमान ४० से.च्या वर जाते. उष्णतेने काडतुसातील दारूचा हळूहळू ऱ्हास होतो. म्हणून ती बंद मोटारगाडीत किंवा पत्र्याच्या छपराखाली न ठेवता थंड व कोरड्या जागी ठेवावी लागतात. पोलादी सांगाड्यावरील निळसर-काळा थर अत्यंत पातळ असतो. घामातील क्षारांनी तो झिजून गंज चढतो. त्यासाठी हाताळल्यानंतर शस्त्र पुसून तेलाचा हलका हात द्यावा. तेल जास्त झाल्यास ते काडतुसाच्या बुडातील स्फोटक टिकलीत उतरून काडतूस निकामी होऊ शकते. चामडी म्यान ओलावा धरून ठेवते, म्हणून शस्त्र त्यात कायमचे ठेवू नये. जुने शस्त्र घेताना नळीत खड्डे किंवा फुगवटा आहे का, रिव्हॉल्व्हरचे नळकांडे घोडा चढविल्यावर डुगडुगते का आणि सांगाड्यावर तडे आहेत का, हे परवानाधारक कारागिराकडून तपासून घेणे इष्ट असते. घरात शस्त्र रिकामे करून कुलुपात ठेवावे व काडतुसे वेगळ्या कुलुपात ठेवावीत. घरातील अपघात व आत्मघात टाळण्याच्या दृष्टीने ही खबरदारी बोअर वा धातू यांच्या निवडीपेक्षाही अधिक महत्त्वाची आहे.

एकंदरीत, पोलादी सांगाडा हा टिकाऊपणा आणि सौम्य प्रतिक्षेप यांसाठी घेतला जातो. हे दोन्ही गुण नियमित सरावातच फळास येतात व सराव काडतुसांच्या नियमित पुरवठ्यावर अवलंबून असतो. म्हणून भारतात आधी बोअर ठरवावे व नंतर सांगाडा पाहावा, हा क्रम योग्य ठरतो.